जिवाणू सांभाळले की खत बंद करता येतं का?

चिकणमाती:
नमस्कार मंडळी. एरवी इथे वाचनमात्र असतो. आज धागा काढतोय कारण डोक्याचा पार भुगा झालाय.

शेतात वर्षानुवर्षं युरिया-डीएपी (नत्राचं आणि नत्र-स्फुरदाचं रासायनिक खत) चालू आहे. माती घट्ट होत चाललीय. पाऊस झाला की वर पापुद्रा धरतो, पाणी मुरायच्या ऐवजी वाहून जातं, आणि तेवढंच उत्पन्न काढायला खताचा हात दरवर्षी थोडा सैल करावा लागतो. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पालापाचोळ्यातून मातीत मुरलेला कार्बन) आलाय ०.४ टक्के.

आता एक गट सांगतो की जमिनीतली जीवसृष्टी जागी करा, खत शून्यावर आणा, सगळं मातीतच भरलेलं आहे. दुसरा गट म्हणतो, हे सगळं थोतांड. पिकाला नत्र-स्फुरद-पालाश (नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम) लागतं, ते कुठूनही येवो. मला तीन गोष्टी कळून घ्यायच्या आहेत. हे जीव पिकाला नेमकं काय देतात आणि काय देऊच शकत नाहीत? बाटलीतले जिवाणू विकत आणून सोडण्यात अर्थ आहे का? आणि आपली माती जिवंत आहे की नाही, हे प्रयोगशाळेविना ओळखायचं कसं?

अनुभव लिहा. भाषणं नकोत, ती रोज ऐकतो.

शंकासुर:
चटई टाकून पुढच्या रांगेत बसलोय. होऊ द्या सुरू.

पोतेदार:
तुमच्या त्या दुसऱ्या गटाचा मी आजीव सभासद, म्हणून आधी बोलतो. साधा हिशेब आहे. एक टन गहू शेताबाहेर गेला की त्याच्याबरोबर सुमारे २० किलो नत्र आणि साडेतीन-चार किलो स्फुरद जातं. हेक्टरी चार टन काढलेत तर ८० किलो नत्र आणि १५ किलोच्या आसपास स्फुरद गेलं. पालाशचं वेगळं. आता जिवाणू कितीही गुणी असले तरी स्फुरद काही त्यांच्या पोटात तयार होत नाही, ते मूलद्रव्य आहे. माल बाहेर जातोय तोवर काहीतरी आत यायलाच हवं.

हिशेब पटत नसेल तर २०२१ चं श्रीलंकेचं उदाहरण आहेच. रासायनिक खतांची आयात बंद केली, भाताचं उत्पादन आपटलं, तांदूळ बाहेरून आणावा लागला, आणि काही महिन्यांत बंदी मागे घ्यावी लागली.

बांधावरून:
श्रीलंका आलीच! पहिल्या पाच प्रतिसादांत येणार यावर मी पैज लावायला तयार होतो. पोतेदार साहेब, तिथे पर्याय हातात नसताना एका फटक्यात आयात तोडली. त्यातून घाई महागात पडते एवढं सिद्ध होतं. जमिनीतल्या जिवांचा दोष त्यात कुठे आला?

पोतेदार:
दोष जिवांचा म्हटलंच नाही मी. जीव जागे आहेतच, हे गृहीत धरणाऱ्यांचा म्हटला.

मुळाक्षर:
पोतेदारांचं बाहेर जाणाऱ्या मालाचं गणित बरोबर आहे. आता जमिनीत आधीच काय पडलंय तेही मांडू.

एका हेक्टरचा वरचा १५ सेंटिमीटरचा थर साधारण २० लाख किलो भरतो. त्यात ०.४ टक्के कर्ब म्हणजे आठ हजार किलो. मातीतल्या मुरलेल्या सेंद्रिय पदार्थात कर्ब आणि नत्राचं प्रमाण ढोबळमानाने १०-१२ ला १ असतं. म्हणजे सातशे-आठशे किलो नत्र चिकणमाती यांच्या शेतात आत्ता या क्षणी आहे. पण ते बांधलेलं आहे, मुळाला थेट घेता येत नाही. बुरशी आणि जिवाणू तो पदार्थ कुजवतात तेव्हा त्यातलं वर्षाला एक ते तीन टक्के मोकळं होतं. या जमिनीत ते आठ ते वीस-बावीस किलो झालं. कर्ब १ टक्का असता तर तेच २० ते ५५ किलोपर्यंत गेलं असतं.

आता ८० किलोच्या गरजेसमोर हे आकडे ठेवून बघा. ०.४ टक्केवाल्याला 'खत शून्य करा' सांगणं म्हणजे पिकाला उपाशी ठेवणं. पण कर्ब जसजसा चढेल तसतसं खत उतरवता येईल, हेही याच गणितातून निघतं. दोन्ही गट भांडतात ते वेगवेगळ्या जमिनींबद्दल, आणि दोघांनाही ते माहीत नसतं.

शिवाय नत्राला एक वेगळी वाट आहे. हवेत ७८ टक्के नत्र आहे आणि कडधान्यांच्या, शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे रायझोबियम जिवाणू ते थेट पकडतात. स्फुरद-पालाशला अशी वाट नाही. त्यामुळे पोतेदारांचा मुद्दा स्फुरदाच्या बाबतीत मला शंभर टक्के मान्य.

गाठी कामाच्या आहेत का, हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. फुलोऱ्याच्या सुमाराला रोप उपटू नका, कुदळीने मातीसकट उचला, नाहीतर गाठी खालीच राहतात. मुळं हलक्या हाताने धुवा. एक गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-तांबूस निघाली तर कारखाना चालू आहे; तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा भाऊबंद. आतून पांढुरकी, करडी किंवा हिरवट निघाली तर गाठ आहे पण नत्र नाही.

शंकासुर:
म्हणजे झाडालाही रक्ताची नाती असतात तर.

नत्रोबा:
मुळाक्षर ताईंच्या प्रतिसादाला जोडून. शेंगवर्गीय पिकाला सुरुवातीला भरपूर युरिया दिला तर गाठी धरतच नाहीत किंवा आळशी राहतात. जिवाणूला पोसायला झाडाला साखर खर्च करावी लागते. आयतं नत्र मुळाशी पडलं असेल तर झाड तो खर्च कशाला करेल? पुष्कळजण 'रायझोबियम लावलं, फरक पडला नाही' म्हणतात आणि सोबत पोतंभर युरिया दिलेला असतो.

दुसरं म्हणजे प्रत्येक पिकाचा सोयरा ठरलेला आहे. हरभऱ्याचा जिवाणू सोयाबीनला चालत नाही. सोयाबीन अमेरिकेत गेलं तेव्हा तिथल्या मातीत त्याचा ब्रॅडीरायझोबियम जिवाणू नव्हताच, त्यामुळे बियाण्याला जिवाणू चोळणं तिथे गरजेचं झालं. पण जिथे तेच पीक वर्षानुवर्षं घेतलं जातंय, तिथे जमिनीत आधीच ठाण मांडून बसलेले रायझोबियम असतात आणि पाकिटातल्या नव्या पाहुण्यांना ते उभं करत नाहीत. म्हणून एकाला फरक दिसतो, शेजारच्याला दिसत नाही. दोघेही खरं बोलत असतात.

आणि हा धंदा काही आजचा नाही. १८८८ च्या सुमारास हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी गाठींचं कोडं सोडवलं, त्याच वर्षी बायरिंक यांनी तो जिवाणू वेगळा काढला, आणि १८९६ मध्ये 'नायट्राजिन' नावाने जिवाणू-खताचं पेटंटसुद्धा झालं! हेबर-बॉशचा पहिला कारखाना १९१३ चा. कारखान्यात हवेतून अमोनिया बनवायच्या आधी बाटलीतला जिवाणू बाजारात होता.

पोतेदार:
आणि मग जगाने काय निवडलं ते बघा.

बांधावरून:
जगाने स्वस्त निवडलं. स्वस्त आणि टिकाऊ एकाच दुकानात मिळतंच असं नाही.

सूक्ष्मदर्शी:
माझं काम मातीच्या सूक्ष्मजीवशास्त्राचं, म्हणून बाटलीच्या प्रश्नावर लिहिते.

चमचाभर चांगल्या मातीत जिवाणूंची संख्या अब्जांत जाते. तिथे तुम्ही बाहेरून जे सोडता त्याला खायला काय आहे आणि राहायला जागा कुठे आहे, हे दोन प्रश्न आधी. बहुतेक शेतमातीत जिवाणू अर्धपोटी असतात, कारण त्यांना लागणारा ताजा कर्ब मुळांभोवतीच्या मिलिमीटरभर पट्ट्यात आणि कुजणाऱ्या काडीकचऱ्यातच मिळतो. वैरणीची सोय न करता बाजारातून जनावरं आणत राहावी, तसं बाटल्या ओतणं आहे. आधीच असलेल्यांना खायला घाला, ते आपोआप वाढतात.

याचा अर्थ सगळ्या बाटल्या फोडा असं नाही. माझ्या मते तीन ठिकाणी त्यांचा उपयोग पक्का आहे: नवीन भागात पहिल्यांदा घेतलेलं शेंगवर्गीय पीक, रोपवाटिकेत निर्जंतुक केलेलं माध्यम, आणि ट्रायकोडर्मासारखी बुरशी बियाण्याला लावून रोपाच्या कोवळ्या वयातला मर रोग आटोक्यात ठेवणं. बाकी 'स्फुरद विरघळवणारे' वगैरे जिवाणू प्रयोगशाळेतल्या बशीत छान वर्तुळं करून दाखवतात, शेतात त्यांचा निकाल खूप वरखाली होतो. शिवाय बाटली उन्हात पडली असेल, मुदत उलटली असेल, किंवा बुरशीनाशक लावलेल्या बियाण्यावरच ट्रायकोडर्मा चोळला असेल, तर तुम्ही मेलेल्यांची पेरणी करताय.

अर्ध्या_एकरची_मालकीण:
शेवटचं वाक्य आमच्या घरात फ्रेम करून लावणार आहे. आमच्याकडे एका कंपनीची बाटली आली होती, झाकण उघडलं तर सगळं घर उठून बाहेर. प्रतिनिधी म्हणे, वास येतो म्हणजे जिवंत आहेत.

सूक्ष्मदर्शी:
@मालकीण, सडका वास म्हणजे जिवंत आहेत हे खरंच, फक्त कोण जिवंत आहेत ते बाटलीवर लिहिलेलं नसतं. निरोगी मातीला जो पहिल्या पावसाचा वास असतो तो जिओस्मिनचा, प्रामुख्याने स्ट्रेप्टोमायसिस गटातल्या जिवाणूंनी बनवलेला. स्प्रिंगटेल नावाचे उड्या मारणारे बारीक जीव त्या वासावर येतात, ते जिवाणू खातात आणि त्यांचे बीजाणू अंगावरून दुसरीकडे नेतात. याच स्ट्रेप्टोमायसिसपासून १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडलं, क्षयावरचं पहिलं परिणामकारक प्रतिजैविक. तेही शेतमातीच्या अभ्यासातूनच.

आंबटशौकीन:
ड्रममध्ये आंबवलेला शेणाचा काला सोडतो त्याचं काय मग? माझ्या जमिनीत फरक दिसतो. आता प्रयोगशाळावाले म्हणतील भास आहे.

सूक्ष्मदर्शी:
भास म्हणणार नाही. पण फरक कशाने पडतो ते वेगळं काढून बघा. तो काला सोडणारा माणूस सहसा आच्छादनही करतो, नांगरट कमी करतो, मिश्रपीक घेतो. मग श्रेय सगळं ड्रमला जातं. एका पट्ट्यात नुसतं आच्छादन आणि दुसऱ्यात आच्छादन अधिक काला, असं शेजारी शेजारी ठेवून बघा की.

आंबटशौकीन:
पट्टा सोडायला मन होत नाही हो. चांगल्या गोष्टीपासून अर्धं शेत वंचित का ठेवू?

शंकासुर:
इथेच विज्ञान संपतं आणि संसार सुरू होतो.

पोतेदार:
बरं, आता मला कुणीतरी सांगा की रासायनिक खताने जिवाणू मरतात हे किती खरं आहे. दर भाषणात ऐकतो.

मुळाक्षर:
तुमच्या बाजूचं उत्तर आधी देते. इंग्लंडमधल्या रोथमस्टेड या शेती संशोधन केंद्रात ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात १८४३ पासून गव्हाचा प्रयोग चालू आहे, अजूनही. तिथे कधीच काही न घातलेल्या तुकड्यापेक्षा रासायनिक खत मिळालेल्या तुकड्यांत सेंद्रिय कर्ब किंचित जास्तच आहे. कारण उघड आहे: पीक जोमदार आलं की मुळं आणि धसकटंही जास्त मागे राहतात, आणि जिवांचं खाणं तेच. तेव्हा 'खत टाकलं की माती मेली' हे सरसकट विधान टिकत नाही.

आता दुसरी बाजू. तिथल्याच पार्क ग्रास या गवताच्या प्रयोगात, जो १८५६ पासून चालू आहे, अमोनियम सल्फेट सतत मिळालेल्या आणि चुना न मिळालेल्या तुकड्यांचा सामू (पीएच; आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) ४ च्याही खाली गेला. तिथे गांडुळं राहिली नाहीत आणि गवताचा मेलेला भाग कुजेना, वर जाड थर साचला. मारलं ते आम्लतेने, आणि आम्लता आणली अमोनियमने. चुना घातलेल्या तुकड्यांत तसं झालं नाही. म्हणजे कुठलं खत, किती, आणि सामूवर लक्ष होतं का, यावर सगळं अवलंबून.

आणि ब्रॉडबाल्कमध्ये कर्ब खऱ्या अर्थाने चढला तो दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत मिळालेल्या तुकड्यात. रासायनिकवाला त्याच्या जवळपासही नाही.

पोतेदार:
३५ टन! एवढं शेण आणायचं कुठून? एका शेताचा कर्ब वाढवायला चार शेतांचा चारा जनावरांच्या पोटातून जायला हवा. मग त्या चार शेतांचं काय?

मुळाक्षर:
हा प्रश्न फार योग्य आहे आणि सेंद्रियवाले तो टाळतात. बाहेरून आणलेला कर्ब म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी जमिनीतून उचललेला कर्ब. म्हणूनच शेतात उगवलेलं शेतातच ठेवणं, मधल्या मोकळ्या काळात काहीतरी हिरवं उभं ठेवणं, याला मी शेणखताच्या गाड्यांपेक्षा जास्त किंमत देते. जिवंत मूळ स्वतः साखर पाझरतं. मुळाभोवतीच्या या पट्ट्याला 'रायझोस्फिअर' हे नाव हिल्टनर यांनी १९०४ मध्ये दिलं. तेच हिल्टनर, ज्यांचं नाव नत्रोबांनी सांगितलेल्या १८९६ च्या पेटंटवर आहे.

गांडूळबुवा:
एवढे प्रतिसाद झाले आणि गांडुळाचं नाव नुसतं ओझरतं? निषेध!

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. जमिनीत ओल असताना, भर उन्हात नव्हे, २० सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच खोल चौकोनी खड्डा काढा. सगळी माती गोणपाटावर घेऊन हाताने फोडत गांडुळं वेगळी करा आणि मोजा. आकड्याला २५ ने गुणलं की चौरस मीटरला किती ते आलं. बांधावरच्या न नांगरलेल्या जागेत तसाच एक खड्डा घ्या. शेत आणि बांध यांतला फरक म्हणजे तुमच्या शेताची खरी प्रगतिपुस्तिका. खोल बिळात राहणारी बाहेर काढायची असतील तर खड्ड्याच्या तळाशी मोहरीच्या पुडीचं पाणी ओता, ती झोंबतं म्हणून वर येतात.

आणि कृपा करून गांडूळखताच्या वाफ्यातली गांडुळं शेतात सोडून 'मेली' म्हणून रडू नका. ती आयसेनिया फेटिडा, शेणात आणि कुजत्या कचऱ्यात राहणारी. मातीत बीळ करून राहणाऱ्या जाती वेगळ्या. त्या विकत मिळत नाहीत. नांगर थांबला, वर काडीकचरा राहिला की बांधाकडून स्वतः चालत येतात, हळूहळू. डार्विन यांनी आयुष्याच्या शेवटी, १८८१ मध्ये, गांडुळांवरच अख्खं पुस्तक लिहिलं, उगाच नाही.

अर्ध्या_एकरची_मालकीण:
गांडुळांवरून आठवलं, शेणकिड्यांचं कुणी बोलत नाही. शेणाचे गोळे करून पुरणारे ते.

बांधावरून:
वा, आवडता विषय! ऑस्ट्रेलियात गोऱ्या लोकांनी गाई नेल्या, पण तिथले शेणकिडे कांगारूंच्या सुक्या लेंड्यांना सरावलेले. गाईच्या ओल्या पोवट्याला कुणी हात लावेना. कुरणंच्या कुरणं शेणाखाली झाकली गेली, वरून माश्यांचा सुळसुळाट. शेवटी तिथल्या सीएसआयआरओ या संस्थेने १९६० च्या दशकात परदेशातून शेणकिड्यांच्या जाती आणून सोडायला सुरुवात केली. जनावरांच्या पोटातले जंत मारायला देतात त्या आयव्हरमेक्टिनचा अंश शेणातून पडतो आणि या किड्यांच्या अळ्यांना मारतो, हेही लक्षात ठेवा. औषध दिल्यानंतरचं काही दिवसांचं शेण वेगळं ठेवलेलं बरं.

नत्रोबा:
शेणावरून आणखी एक धोक्याची सूचना. चारा किंवा गवतावर अमिनोपायरालिड, क्लोपायरालिड गटातलं तणनाशक मारलेलं असेल तर ते जनावराच्या पोटातूनही सहीसलामत बाहेर पडतं आणि शेणखतातून तुमच्या टोमॅटो-कडधान्यांची पानं वाकडी करतं. बाहेरचं शेणखत आणलं तर आधी कुंडीत चार वालाचे दाणे लावून बघा.

व्यवस्थापक:
चर्चा रंगतेय, पण शेणकिड्यांसाठी हवा तर वेगळा धागा काढा. मूळ धाग्याचे चालक कुठे गायब झाले?

शंकासुर:
खड्डा खणायला गेले असतील.

पीकपालट_पंथी:
एक वेगळा मुद्दा. आपण पालट करा, पालट करा म्हणतो, पण गव्हाच्या 'टेक-ऑल' या मुळकुज रोगाचं उलटंच आहे. एकाच शेतात लागोपाठ गहू घेतला की पहिली काही वर्षं रोग वाढतो आणि मग पीक न बदलताही उतरतो. कारण मुळांवर स्यूडोमोनास जिवाणूंची अशी वस्ती तयार होते की ती स्वतःचं प्रतिजैविक बनवून त्या बुरशीला दाबून ठेवते. पीक बदललं की ती वस्ती मोडते. एवढं सगळं माहीत असूनही माझं मत पालटाच्याच बाजूने आहे, कारण त्या मधल्या रोगट वर्षांत शेतकरी जगायला हवा ना.

सूक्ष्मदर्शी:
छान उदाहरण. याच्यासारखंच मायकोरायझाचं. बहुसंख्य पिकांच्या मुळांत शिरून ही बुरशी बाहेर मातीत तंतू पसरवते. केसमुळापेक्षाही बारीक असल्याने जिथे मूळ पोचत नाही तिथून स्फुरद आणि जस्त ओढून आणते, बदल्यात साखर घेते. स्फुरद मातीत जागचं हलत नाही म्हणून हिची मदत मोठी. पण ती यजमान मुळाशिवाय जगत नाही. ऑस्ट्रेलियात जमीन दीर्घकाळ पडीक ठेवल्यावर घेतलेलं मका-सूर्यफूल स्फुरद-जस्ताच्या कमतरतेने खुजं राहायचं, त्याचं कारण हेच निघालं. मोहरी-कोबी वर्ग आणि बीट-पालक वर्ग हिला थाराच देत नाहीत, त्यामुळे त्यांच्या मागोमाग येणाऱ्या पिकाच्या मुळांत ती उशिरा धरते. आणि जमिनीत स्फुरद भरमसाट असेल तर झाडच तिला दार बंद करतं. दरवर्षी डोळे झाकून डीएपी टाकणाऱ्यांनी माती परीक्षणातला स्फुरदाचा आकडा एकदा तरी वाचावा.

पोतेदार:
टोमणा पोचला.

चिकणमाती:
आलो. खड्डाच खणत होतो, शंकासुरांना ज्योतिष येतं. शेतातल्या खड्ड्यात एकही गांडूळ नाही. बांधावरच्या खड्ड्यात भरपूर, शिवाय माती आपोआप कणीदार सुटत होती, मुळांना चिकटून. शेतातली मात्र पाट्यांसारख्या खपल्यांनी निघाली आणि १५ सेंटिमीटरच्या खाली फावडं अडलं.

आता एक शंका. मी यंदा धसकटं आणि भुसा जाळण्याऐवजी जमिनीत गाडणार आहे. शेजारचे म्हणतात पुढचं पीक पिवळं पडेल. खरं का?

नत्रोबा:
शेजारचे बरोबर सांगतायत. गव्हाच्या काडात कर्ब:नत्र ८० ला १ च्या आसपास असतं. जिवाणूंना स्वतःचं शरीर बांधायला काडातलं नत्र पुरत नाही, मग ते मातीतलं उचलतात आणि पिकाच्या तोंडचा घास जातो. ढोबळ सीमा २४-२५ ला १. त्याच्या वर गेलं की नत्र अडकतं, खाली आलं की सुटतं. उपाय म्हणजे काड गाडू नका, वर पसरून ठेवा. वरचं काड हळू कुजतं, मातीशी संपर्क कमी, त्यामुळे ओढाताण कमी. गाडायचंच असेल तर पेरणीच्या बरंच आधी, किंवा ताग-चवळीसारख्या कोवळ्या हिरवळीबरोबर, किंवा थोडा युरिया देऊन.

आंबटशौकीन:
युरिया देऊन सेंद्रिय! पोतेदार, ऐकलंत का?

पोतेदार:
ऐकलं, आणि नत्रोबांचा प्रतिसाद जपून ठेवला.

सूक्ष्मदर्शी:
अडकलेलं नत्र वाया जात नाही, हेही सांगा ना. जिवाणूंना आदिजीव आणि सूत्रकृमी खातात. जिवाणूंच्या शरीरात कर्बाच्या मानाने नत्र जास्त असतं, खाणाऱ्याला तेवढं लागत नाही, उरलेलं अमोनियमच्या रूपात मुळाशीच बाहेर टाकलं जातं. उलट मोकळा नायट्रेट पाण्याबरोबर खाली जातो, किंवा पाणी तुंबून हवा संपली की काही जिवाणू त्याचा नायट्रस ऑक्साइड करून उडवून लावतात. तो वायू तापमानवाढीत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट भारी. म्हणून चिबड, पाणी तुंबणाऱ्या जमिनीत युरियाचा मोठा हप्ता एकदम देऊ नका, वाफसा आल्यावर (जादा पाणी निचरून ओल बेताची झाल्यावर) तोडून तोडून द्या. जिवाणू तुमच्याच बाजूचे असतात असं समजू नका, त्यांना जे सोयीचं ते करतात.

बांधावरून:
चिकणमाती, तुमचं फावडं जिथे अडलं तो नांगराचा तळ आहे, वर्षानुवर्षं एकाच खोलीवर नांगरल्याने झालेला. तो जिवांच्या भरवशावर सोडला तर फार वर्षं लागतील. एकदा कोरड्यात खोल फाळाने तोडा, आणि लगेच खोल मुळांचं काहीतरी पेरा, तूर किंवा एरंड, म्हणजे फटी मुळांनी भरतील. नुसतं तोडून मोकळं ठेवलंत तर पुन्हा बसतो. त्यानंतर मात्र नांगराला सुट्टी.

चिकणमाती:
ठीक. मग मी ठरवलंय ते सांगतो, चुकत असेल तर थांबवा. खोल फाळ एकदा. एका भागात तूर, बाकी शेतात पिकांच्या मधल्या काळात चवळी-ताग. काड वरच. नत्र एकदम न तोडता पहिल्या हंगामात चौथा भाग कमी, तेही तुकडे करून. स्फुरदाचा आकडा बघितला, 'भरपूर' आलाय, तेव्हा डीएपी सध्या बंद. बाटली कुठलीच नाही, फक्त तुरीच्या बियाण्याला रायझोबियम, कारण तूर इथे कधी घेतलेलीच नाही.

मुळाक्षर:
चांगलं आहे. फक्त शेताच्या मधोमध एक अरुंद पट्टा पूर्वीच्याच पूर्ण खताचा ठेवा आणि एक पट्टा नत्राशिवाय. पूर्ण खताचा पट्टा बाकीच्यापेक्षा हिरवागार दिसायला लागला तर कपात जास्त झाली, तेवढ्यात हप्ता देता येईल. बिननत्राचा पट्टा दरवर्षी किती देतो ते तोलून ठेवा. तुमची जमीन स्वतःहून किती पुरवते याचं त्याहून सरळ माप नाही. कर्बाचा आकडा मात्र दरवर्षी तपासून निराश होऊ नका, तो फार सावकाश हलतो. पण एकदा चढला की लवकर पुसलाही जात नाही. रोथमस्टेडच्या हूसफील्डमध्ये एका तुकड्याला १८५२ ते १८७१ शेणखत दिलं आणि बंद केलं, तर शंभर वर्षांनंतरही त्यातला कर्ब कधीच शेणखत न मिळालेल्या शेजारच्या तुकड्यापेक्षा जास्त होता.

पोतेदार:
स्फुरद बंद केलंत त्याला माझाही पाठिंबा, पण दोन-तीन वर्षांनी पुन्हा परीक्षण करा. साठा आहे तोवर जिवाणू आणि बुरशी तो उकरून देतील, साठा मात्र उतरतोच आहे. माल बाहेर जातोय.

अर्ध्या_एकरची_मालकीण:
आणि सुती कापड पुरण्याचा प्रयोग कुणीच सांगितला नाही? परदेशात शेतकरी पांढऱ्या सुती चड्ड्या शेतात पुरतात. दोन महिन्यांनी बाहेर काढली की जिवंत जमिनीत फक्त इलॅस्टिक उरतं, मेलेल्या जमिनीतून चड्डी धुवून घालता येईल अशी निघते.

शंकासुर:
शेजाऱ्याच्या बांधालगत पुरू नका एवढंच सांगेन. नंतर समजावून सांगताना दमछाक होईल.

चिकणमाती:
हसून पुरेवाट. पण करणार. किती खोल पुरायचं?

सूक्ष्मदर्शी:
वीतभर पुरे, आडवं नको, उभं पुरा. कापडाचा वरचा काठ मातीच्या वर थोडा दिसू द्या म्हणजे जागा सापडेल. निव्वळ सुती हवं, पॉलिस्टर मिसळलेलं चालणार नाही. शिवणीचा दोरा बहुतेक वेळा पॉलिस्टरचा असतो, तो तसाच राहिला तर घाबरू नका. ओल टिकली पाहिजे. कोरड्या जमिनीत उत्तम मातीसुद्धा कापडाला हात लावत नाही. आणि बांधावरही एक तुकडा त्याच दिवशी पुरा, नाहीतर तुलना कशाशी करणार?